इरावती : अर्थाच्या रकान्याबाहेर

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. तेव्हा येथील ‘आम्ही’ हे आदरार्थी नसून खरेखुरे अनेकवचन आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. यंदा द्वितीय वर्षाच्या वर्गात पहिल्या तासाला हजेरी घेताना एक नाव आले आणि नाव वाचणारे आम्ही क्षणभर थबकलो. इरावती. वीसएक वर्षांच्या अध्यापनात हे नाव आम्हाला ‘युगान्त’च्या मुखपृष्ठावर अगणित वेळा भेटले होते, हजेरीपटावर प्रथमच भेटत होते. ‘नाव कोणी ठेवले?’ असे आम्ही सहज विचारले. ती मुलगी तोंड उघडण्यापूर्वी मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘सर, अर्थ वीज!’ दुसऱ्याने आपल्या मोबाइलवर पाहून ‘रावी नदी’ असे सांगितले. तिसरीला ‘सरस्वती’ सापडली. मग पाच मिनिटे वर्गात खरा अर्थ कोणता याचा खल झाला. या गदारोळात त्या मुलीने हळूच सांगितले, की तिचे वडील प्राथमिक शिक्षक आहेत, त्यांनी ‘युगान्त’ वाचले होते, म्हणून हे नाव. तिच्या या बोलण्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. आमचा प्रश्न ‘कोणी ठेवले’ असा होता. वर्गाने मात्र ‘अर्थ काय’ एवढेच ऐकले होते.

आमचे भांडण याच ऐकण्याशी आहे. बाळाच्या नावांची पुस्तके पूर्वी रेल्वे स्थानकावरील दुकानात पंचांगाशेजारी मिळत. आज त्यांची जागा संकेतस्थळांनी घेतली आहे. रचना तीच: डावीकडे नाव, उजवीकडे अर्थ, जमल्यास राशी. नाव म्हणजे कुलूप आणि अर्थ म्हणजे त्याची एकुलती एक किल्ली, असा या रकान्यांचा समज आहे. तो समज किती पोकळ आहे हे पाहायचे असेल तर इरावतीइतके चांगले उदाहरण नाही. कारण या नावाच्या बाबतीत रकान्यातले तिन्ही अर्थ कुठून तरी आलेले आहेत आणि तरीही तिन्ही दिशाभूल करणारे आहेत.

मूळ शब्द ‘इरा’. वैदिक भाषेत इरा म्हणजे पोसणारा, तृप्त करणारा रस. अन्न आणि पेय या दोहोंच्या मधली वस्तू. जिच्यापाशी असा रस आहे ती इरावती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील विष्णुसूक्तात हा शब्द द्यावापृथिवींचे विशेषण म्हणून येतो, तोही ‘धेनुमती’च्या शेजारी. म्हणजे आरंभी हे कोणा एका स्त्रीचे नावच नव्हते. अन्नाने आणि गाईंनी समृद्ध अशा आकाशाचे व धरित्रीचे ते वर्णन होते. पुढे यास्काने निरुक्तात नद्यांच्या नावांचा उलगडा करताना परुष्णी म्हणजेच इरावती असे नोंदवले. जिच्या काठी सुदासाचे दाशराज्ञ युद्ध झाले तीच ही नदी. लोकांच्या जिभेवर झिजत झिजत ती रावी झाली. लाहोर तिच्या काठी वसले आणि १९२९च्या डिसेंबरात काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला तोही तिच्याच तीरावर. तेव्हा ‘रावी नदी’ हे उत्तर चूक नाही. पण ते अर्थाचे नव्हे, प्रवासाचे उत्तर आहे.

‘सरस्वती’ कशी आली? अमरकोशाने इरेचे चार अर्थ दिले आहेत: भूमी, वाणी, सुरा आणि पाणी. त्यांतील वाणी तेवढी उचलायची, वाणीची सरस्वती करायची आणि उरलेले तिघे गाळायचे, असा हा व्यवहार आहे. आमच्या मुलीचे नाव ‘जिच्यापाशी मद्य आहे ती’ असे कोणते संकेतस्थळ सांगेल? पण कालिदासाला हा संकोच नव्हता. ‘मालविकाग्निमित्रा’तील राणी इरावती तिसऱ्या अंकात रंगमंचावर येते तीच मद्याच्या अमलाखाली, दासीच्या आधाराने. राजाने तिच्याबरोबर झोक्यावर बसायचे कबूल केलेले असते आणि तो सापडतो अशोकाखाली, मालविकेशी गुलुगुलु बोलताना. पाया पडणाऱ्या राजावर ती आपली मेखला उगारते. कालिदासाने हे नाव सहज सुचले म्हणून ठेवले असेल असे आम्हाला वाटत नाही. संस्कृत नाटकांत फसवल्या गेलेल्या राण्या पुष्कळ आहेत. राजाला कमरपट्ट्याने बडवायला निघालेली राणी विरळाच. आमच्यापैकी एकीच्या मते संपूर्ण नाटकात तीच काय ती शुद्धीवर असते. दुसऱ्याला हे तितकेसे मान्य नाही; पण तो वाद स्टाफरूममध्ये चालू ठेवू.

आणि ‘वीज’? ही तर निव्वळ एका मात्रेची करामत. अमरकोशात विजेच्या पर्यायांत ‘ऐरावती’ आहे, ‘इरावती’ नाही. कोणीतरी कुठेतरी मात्रा गाळली, दुसऱ्याने ती चूक उतरवून घेतली, आणि आता घरोघरी नदीची वीज झाली आहे. रामायणाच्या अरण्यकांडात ऐरावताची आई म्हणून एक इरावती येते, भागवतात परीक्षिताची पत्नी म्हणून दुसरी येते. एवढ्या सगळ्या इरावतींची वासलात एका शब्दात लावणाऱ्या रकान्याला आम्ही अज्ञानी म्हणणार नाही. तो आळशी आहे, आणि त्याच्या आळसाला एक विशिष्ट वळण आहे.

ते वळण असे. मुलींच्या नावासाठी आज जे निकष सांगितले जातात ते आठवा: उच्चारायला सोपे हवे, कानाला गोड हवे, अर्थ चटकन कळणारा आणि शुभ हवा. शेवटी दीर्घ स्वर असला तर उत्तमच. पालक याला आधुनिक आवड समजतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रियांच्या नावांविषयी जे सांगितले आहे ते जवळजवळ शब्दशः हेच आहे: सुखाने उच्चारता येणारे, क्रूर नसलेले, स्पष्टार्थाचे, मनोहर, मंगल, दीर्घ स्वरात संपणारे आणि आशीर्वादासारखे. ‘युनिक’ नाव शोधणारी मंडळी दोन हजार वर्षांच्या जुन्या जाहिरातीला उत्तर पाठवत आहेत, हे त्यांना कोणी सांगावे? मुलांच्या रकान्यात ‘विजेता’, ‘पराक्रमी’, ‘सूर्यासारखा तेजस्वी’ आणि मुलींच्या रकान्यात ‘कोमल’, ‘सुंदर’, ‘देवीचे नाव’, ही वाटणीही त्याच घराण्यातली.

पण मनूचे सगळेच आपण ऐकले असे नाही, आणि येथे मराठी घरांचे कौतुक केले पाहिजे. तिसऱ्या अध्यायात तोच ग्रंथ सांगतो की नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांची नावे असलेल्या मुलीशी विवाह करू नये. नदीचे नाव असलेली मुलगी वधू म्हणून वर्ज्य! महाराष्ट्राने हे खुशाल कानाआड केले. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भीमा, नर्मदा, कावेरी, चंद्रभागा, भागीरथी, सिंधू: आपल्या आज्या-पणज्यांची पिढी म्हणजे नद्यांचा नकाशाच होता. ज्या नदीचे पाणी प्यायचे किंवा ज्या नदीवर एकदा तरी स्नान घडावे अशी इच्छा धरायची, तिचे नाव मुलीला. १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले तेव्हा मराठी कादंबरीला पहिली नायिका मिळाली ती यमुना. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये आपली कहाणी सांगते तीही यमूच. या नावांना कोणी अर्थ विचारला नाही. यमुना म्हणजे यमुना.

या नकाशात इरावती का नव्हती, हे आता सहज कळेल. पंजाबातली ती नदी मराठी माणसाला ठाऊक होती ती रावी या नावाने, आणि तिच्या वाटेवर पंढरपूर-नाशिकासारखे आपले क्षेत्र नव्हते. नाटकातली राणी मत्सरी आणि मद्यपी. नाव संस्कृतच्या पंडितांना माहीत, पण पाळण्यापर्यंत ते पोहोचत नव्हते. ते मराठीत आले ते उलट्या बाजूने, पूर्वेकडून. ब्रह्मदेशातल्या मोठ्या नदीचे नाव इरावदी. तेही ऐरावतीवरूनच आले असे मानले जाते, म्हणजे भारतातून पूर्वेला गेलेल्या संस्कृत-पालीच्या ओघात हा शब्द तिकडे वाहत गेला होता. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले, थिबा राजाला त्याच नदीतून बोटीने काढून नेले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. ब्रह्मदेश हिंदुस्थानला जोडला गेला आणि नोकरीधंद्यासाठी आपल्याकडची माणसे तिकडे जाऊ लागली. त्यांपैकी एक गणेश हरी करमरकर. मंडालेच्या खाली नदीकाठच्या मिंजान गावी १५ डिसेंबर १९०५ रोजी त्यांना मुलगी झाली आणि त्यांनी तिला नदीचे नाव दिले. तीन वर्षांनी टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले. त्याच नदीच्या काठी गीतारहस्य लिहिले जाणार होते.

करमरकरांनी कोश उघडला असेल असे आम्हाला वाटत नाही. त्यांनी गोदेकाठच्या माणसाने करावे तेच केले. फक्त त्यांच्या खिडकीबाहेरची नदी वेगळी होती. मुलगी सातव्या वर्षी पुण्याला हुजूरपागेत आली तेव्हा एक वैदिक विशेषण पंजाब, मगध आणि ब्रह्मदेश असा फेरा करून सदाशिव पेठेच्या आसपास उतरले. हा या नावाचा अर्थ. तो उजवीकडच्या रकान्यात मावत नाही.

येथवर आम्ही जे लिहिले त्यावर आमचे एक विद्वान स्नेही म्हणतील, ‘व्युत्पत्ती छान झाली, पण यात भांडण्यासारखे काय आहे?’ सांगतो. मुलीच्या नावाचा अर्थ शोधण्यात आपण जेवढा वेळ घालवतो त्याच्या शतांशही वेळ ते नाव तिच्याजवळ टिकेल की नाही या प्रश्नावर घालवत नाही. बारशाला आत्याने कानात सांगितलेले नाव लग्नाच्या दिवशी तबकातल्या तांदळांत अंगठीने पुसले जाते. पुन्हा यमुनांकडे वळू. १८६५ साली कल्याणच्या जोश्यांच्या घरी जन्मलेली यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न होऊन आनंदी झाली. १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडली ती आनंदीबाई. कुर्लेकरांची यमुना १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली आणि रमा झाली. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकावर नाव आहे ते रमाबाईंचे. एका शतकातल्या, एका भाषेतल्या दोन थोर स्त्रिया, दोघींचे पाळण्यातले नाव एकच, आणि आपल्या विद्यार्थ्यांपैकी ते किती जणांना ठाऊक असते? आम्ही विचारून पाहिले आहे. उत्तर लिहिण्यासारखे नाही.

येथे नद्या पुसल्या गेल्या त्या मनूचे ऐकून, असा आमचा दावा नाही. लक्ष्मी, सरस्वती नावाच्या मुलींचीही नावे बदलली जात होतीच. आमचे म्हणणे याहून साधे आहे: ज्या समाजात मुलीचे नाव हे सासरच्या पसंतीपर्यंतचे तात्पुरते नाव होते, त्या समाजाने नावाच्या अर्थाविषयी एवढे हळवे असावे यात ढोंग आहे.

आणि आता या गोष्टीतला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा दुवा. १८९३ साली अण्णासाहेब कर्व्यांनी पुनर्विवाह केला तो पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी. विधवेशी विवाह करण्याचे धैर्य दाखवणाऱ्या, त्यासाठी बहिष्कार सोसणाऱ्या त्या घरातही गोदूची आनंदी झाली. ‘माझे पुराण’ हे मराठीतले एक अत्यंत रोखठोक आत्मचरित्र आनंदीबाई कर्वे या नावाने वाचले जाते. गोदू हे तर गोदावरीचे घरगुती रूप. त्याच बायांचा मुलगा दिनकर. आणि त्याच्याशी लग्न होऊन त्या घरात आली ती इरावती. तिचे आडनाव बदलले, नाव राहिले. एका पिढीच्या अंतराने कर्व्यांच्या उंबरठ्यावर दोन नद्या आल्या; एक बाहेर राहिली, दुसरी आत गेली. समाजसुधारणेचा इतिहास शिकवताना आपण शाळा, वसतिगृहे, विद्यापीठे मोजतो. ही एवढीशी गोष्ट मोजत नाही.

यावर दोन आक्षेप आम्हाला हमखास ऐकायला मिळतात. पहिला असा की आनंदीबाई काय, रमाबाई काय, नव्या नावानेच अजरामर झाल्या; मग बिघडले कुठे? बिघडले असे की त्यांना विचारले नव्हते. कर्तृत्व त्यांचे होते, ते कोणत्याही नावाने झाले असते. म्हणून नाव कोणीही बदलावे असे होत नाही. दुसरा आक्षेप संस्कृतिरक्षकांचा. त्यांच्या मते खरा धोका मायरा आणि कियारा या परक्या नावांचा आहे, आम्ही भलत्याच ठिकाणी तलवार उपसली आहे. या नावांचे आम्ही चाहते नाही. मायरा हे सतराव्या शतकातल्या फुल्क ग्रेव्हिल नावाच्या इंग्रज कवीने आपल्या प्रेमकवितांसाठी घडवलेले मानले जाते. त्याला ओढूनताणून संस्कृत अर्थ चिकटवणे हास्यास्पद आहे. पण परक्या नदीचे नाव पुण्यात रुजले तेव्हा तेही परकेच होते. शिवाय मायरा ही लग्नानंतरही मायराच राहणार असेल, तर आमच्या हिशेबी ती पुसल्या गेलेल्या गोदावरीपेक्षा भाग्यवान आहे.

इरावतीबाईंना नावाच्या या प्रश्नाची जाण किती तीव्र होती हे त्यांच्या लेखनात जागोजाग दिसते. ‘परिपूर्ती’ हा लेख आपण सगळेच शिकवतो. व्यासपीठावर ओळख करून दिली जाते ती अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी म्हणून. आणि शेवटी रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडून आपण कोणाची तरी आई आहोत हे ऐकल्यावर ती ओळख पूर्ण होते. वर्गात हा लेख वात्सल्याचा हृद्य आविष्कार म्हणून शिकवला जातो. आम्हीही बरीच वर्षे तसाच शिकवला, याची आता लाज वाटते. त्यातल्या त्या हसण्यामागे केवढी बोच आहे! ही बाई तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ म्हणून डेक्कन कॉलेजात काम करत होती, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आली होती, नात्यांच्या संज्ञा गोळा करत देशभर हिंडत होती. आणि ओळखीत त्या संज्ञांखेरीज काही नव्हते. ‘युगान्त’ही याच डोळ्यांनी वाचून पाहावे. गांधारी म्हणजे गांधारची. कुंती म्हणजे कुंतिभोजाची. तिचे स्वतःचे नाव पृथा. द्रौपदी म्हणजे द्रुपदाची. तिचे नाव कृष्णा. माद्री म्हणजे मद्र देशाची. बापाचे किंवा देशाचे नाव अंगाखांद्यावर घेऊन वावरणाऱ्या या बायकांविषयी लिहिणारी लेखिका स्वतः मात्र फक्त एका नदीची होती. २०२४ साली त्यांचे इंग्रजी चरित्र आले, त्याचे शीर्षक ‘इरू’. घरातले हाक मारायचे नाव.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी म्हणू नये. आमच्यापैकी एकीच्या पदव्यांवर एक नाव आहे आणि सेवापुस्तकात दुसरे. लग्नात तबकातले नाव तिने हसत वाचून दाखवले होते. त्या हसण्याची किंमत पुढे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि एका कार्यालयाच्या सहा खेपा अशी मोजावी लागली. तेथील कारकुनाने तिला विचारले, ‘मॅडम, यातलं खरं नाव कुठलं?’ लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा या देशात नाही, हे तिला ठाऊक होते. ते लग्नाच्या आधी आठवायला हवे होते, असे ती आता म्हणते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे वडिलांच्या आधी आईचे नाव लावायचा नियम महाराष्ट्र शासनाने केला आहे. चांगला आहे. पण त्या जागी आईचे कोणते नाव लिहायचे हे ज्या घरात विचारावे लागेल, अशी घरे अजून पुष्कळ आहेत.

त्या पहिल्या तासाच्या अखेरीस आम्ही वर्गाला एक काम दिले. अर्थ शोधू नका. पुढच्या आठवड्यात आपल्या दोन्ही आज्यांची माहेरची नावे एका चिठ्ठीवर लिहून आणा. बहुतेकांना ती ठाऊक नव्हती, घरी विचारावी लागली. आलेल्या चिठ्ठ्या आम्ही टेबलावर पसरल्या. गोदा होत्या, कृष्णा होत्या, एक तापी होती, एक इंद्रायणी. काही जनाबाई आणि सोनाबाई. एका मुलीने लिहिले होते की आजीने नाव सांगितले आणि मग बराच वेळ दुसरे काही बोलली नाही. आमच्या इरावतीच्या एका आजीचे नाव निघाले भीमा. लग्नानंतर ती सुशीला झाली होती. नातीचे नाव नदीचे असल्याचे तिला त्या दिवशीच कळले.

‘अर्थ वीज’ म्हणणाऱ्या मुलाची चिठ्ठी सर्वांत शेवटी आली. त्याच्या आईच्या आईचे माहेरचे नाव सांगू शकेल असे आता कोणी हयात नव्हते. त्याने नावाची जागा रिकामी सोडली होती आणि खाली तिच्या माहेरच्या गावाचे नाव लिहिले होते.